कावेरीकाठचे हात

प्रस्तावना

लोकसंख्या म्हटले की आपल्यासमोर एक आकडा उभा राहतो. परंतु त्या आकड्याच्या पोटात मुले किती, तरुण किती, वृद्ध किती, गावात राहणारे किती आणि बाहेरगावी गेलेले किती, हे पाहिल्याशिवाय त्या प्रदेशात काम करणारे हात किती आहेत, हे कळत नाही. लोकसंख्येच्या या अंतर्गत मांडणीला वयोरचना म्हणतात. वयोरचना बदलली की काही वर्षांनी श्रमशक्ती बदलते. हा बदल सावकाश होत असल्यामुळे तो घडत असताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रस्तुत पाठात तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यातल्या तिरुवैयारु या गावाच्या आणि त्याच्या भोवतालच्या भातशेतीच्या आधारे हा बदल समजून घ्यायचा आहे. मराठी वाचकाला तंजावर परके नाही. व्यंकोजी भोसल्यांच्या वंशजांनी तेथे सुमारे पावणेदोनशे वर्षे राज्य केले. पाठ वाचताना एक प्रश्न मनात ठेवा : जमीन तीच, नदी तीच, पीकही तेच, मग शेतात उतरणारी माणसे का बदलली?

उत्सव आणि शिवार

तंजावर शहराच्या उत्तरेस दहा-बारा किलोमीटरांवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे छोटे नगर वसले आहे. तमिळमध्ये 'तिरु' म्हणजे पवित्र, 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु आणि वडवारु या पाच प्रवाहांचा हा परिसर. म्हणून येथील शिवाचे नावही पंचनदीश्वर. संत त्यागराजांचे (१७६७–१८४७) आयुष्य याच गावात गेले. त्यांची समाधी नदीकाठी आहे. पौष वद्य पंचमीला, त्यांच्या पुण्यतिथीस, दूरदूरचे गायक-वादक येथे जमतात आणि त्यांच्या पंचरत्न कृती एका सुरात गातात.

हा उत्सव बहुधा जानेवारीत येतो. त्याच सुमारास भोवतालच्या शिवारात 'संबा' भात कापणीला आलेले असते. पन्नास वर्षांपूर्वी या दिवसांत आलेल्या पाहुण्याला विळे घेतलेल्या स्त्री-पुरुषांच्या रांगा शेतोशेती दिसत. आज त्याच रस्त्याने जाताना बहुतेक ठिकाणी दिसते ते कापणी आणि मळणी एकदम करणारे यंत्र. लावणीच्या दिवसांत गेल्यास चिखलात वाकलेल्या स्त्रिया दिसतात खऱ्या; पण त्यांत तरुण चेहरे थोडे, पन्नाशीच्या आगेमागे असलेल्या जणीच पुष्कळ. आणि अलीकडच्या काही वर्षांत एखाद्या खाचरात बंगाली बोलणाऱ्या पुरुषांची टोळी रोपे लावताना आढळते. या भागात लावणी हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे काम मानले गेले. ते हजारो मैलांवरून आलेले पुरुष करीत आहेत, याचे नवल जुन्या माणसांना अजून ओसरलेले नाही.

कामाचे पंचांग

ही टंचाई नेमकी कशाची, हे कळण्यासाठी भाताचे पंचांग आधी समजून घ्यावे लागते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तीन हंगाम मानतात. जूनमध्ये सुरू होणारे अल्प मुदतीचे पीक म्हणजे 'कुरुवै', ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालणारे दीर्घ मुदतीचे पीक म्हणजे 'संबा', आणि कुरुवै काढून त्याच जमिनीत घेतलेले दुसरे पीक म्हणजे 'ताळडी'. हे सारे मेट्टूर धरणाच्या पाण्यावर अवलंबून असते. १९३४ साली पुरे झालेल्या या धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडावेत असा संकेत आहे. पाणी कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी येते आणि तेथून कालव्यांत वाटले जाते.

पाणी आले की सगळ्यांनाच एकदम घाई होते. रोपे ठरावीक वयाची असतानाच लावावी लागतात. ती वाफ्यात जून झाली तर फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते. एका एकराची लावणी दिवसात उरकायची तर साधारण दहा-बारा जणींची टोळी लागते. आज या शेतात, तर उद्या शेजारच्या शेतात. सारा तालुका तीन-चार आठवड्यांत माणसे मागतो आणि नंतर कित्येक आठवडे कोणालाही माणूस नको असतो. शेतीच्या श्रमशक्तीचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही. वर्षभराची सरासरी काढली तर मजूर पुरेसे दिसतील. लावणीच्या आठवड्यात ते दिसणार नाहीत.

पूर्वी हात कसे मिळत आणि कसे जात

तंजावरच्या इतिहासात माणसांची टंचाई यापूर्वीही झाली होती. १७८१ साली हैदर अलीच्या फौजा या प्रदेशात शिरल्या. गावे उजाड झाली, माणसे मेली, परागंदा झाली, आणि धान्याचे उत्पन्न एकाएकी खाली आले. त्या वेळी त्यागराज चौदा वर्षांचे होते. प्रदेश पुन्हा सावरण्यास बराच काळ लागला. ती टंचाई युद्धाने आणि उपासमारीने आणलेली होती. आजची टंचाई तशी नाही, हे येथेच नोंदवून ठेवावे.

सुपीक जमीन आणि भरपूर पाणी असलेल्या या भागात कष्ट करणारे आणि जमिनीचे मालक यांच्यात फार मोठे अंतर होते. 'पण्णैयाळ' म्हणजे जमीनदाराच्या शेताला बांधलेला गडी. तो बहुधा दलित जातीचा असे. त्याचे घर मालकाच्या जागेवर, मजुरी धान्याच्या मापाने आणि काम सोडून जाण्याची मुभा नावापुरती. या गड्यांच्या आणि कुळांच्या संरक्षणासाठी १९५२ मध्ये खास तंजावर जिल्ह्यापुरता कायदा करावा लागला. तरीही मजुरीचा तंटा मिटला नाही. २५ डिसेंबर १९६८ रोजी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील (आता नागपट्टिनम जिल्ह्यातील) कीळवेण्मणी या गावी मजुरीच्या वादातून दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. एका झोपडीत आसरा घेतलेले ४४ जण जाळून मारले गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. त्या काळी मजुरांनी जादा धान्य मागितले की जमीनदार बाहेरगावची माणसे आणून कापणी करून घेत आणि त्यावरून संघर्ष पेटत. १९६९ मध्ये सरकारने शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा केला.

म्हणजे बाहेरून मजूर आणणे ही येथे नवी गोष्ट नाही. मात्र तेव्हा गावात हात भरपूर असताना त्यांना नमवण्यासाठी बाहेरचे हात आणले जात. आज गावातले हात नाहीत म्हणून ते येतात.

जाणाऱ्यांची रांग

गाव सोडून जाणाऱ्यांचाही एक क्रम आहे. एकोणिसाव्या शतकात नागपट्टिनमच्या बंदरातून कितीतरी गरीब माणसे मलायातील पिनांगकडे आणि सिंगापूरकडे मजुरीसाठी गेली. ती गेली तरी शेतावर उणीव भासली नाही, कारण मागे राहिलेल्यांची संख्या मोठी होती आणि घरोघरी मुले पुष्कळ होती.

यानंतर गेले ते जमिनीचे मालक. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनी १९६१–६२ मध्ये तिरुवैयारूला लागून असलेल्या एका गावाचा अभ्यास केला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी त्या गावाला 'श्रीपुरम' असे बदललेले नाव दिले आहे. ब्राह्मणांचा अग्रहार, ब्राह्मणेतरांचे रस्ते आणि दलितांची 'चेरी' अशी त्या गावाची विभागणी होती. एके काळी जात, जमीन आणि सत्ता ही तिन्ही एकाच हाती असत. ती हळूहळू वेगळी होत असल्याचे बेतेय यांनी दाखवून दिले. अग्रहारातील इंग्रजी शिकलेली मंडळी मद्रासला आणि इतर शहरांत नोकरीसाठी चालली होती आणि जमिनी विकल्या जात होत्या. मुंबईतील माटुंग्याला ज्या तमिळ कुटुंबांनी विसाव्या शतकात आपले रूप दिले, त्यांतही तंजावरकडची घरे होती. तेव्हा जाणाऱ्यांच्या हाती लेखणी होती, विळा नव्हता. त्यामुळे शेताचे मालक बदलले. शेतात वाकणारे मात्र तेच राहिले.

तिसरी रांग विळा धरणाऱ्यांची. ही १९८० नंतर लांबत गेली. कुळांची आणि मजुरांची मुले शाळेत गेली होती. तिरुपूरच्या विणलेल्या कपड्यांच्या कारखान्यांना तरुण माणसे हवी होती. चेन्नई आणि कोइंबतूर येथील बांधकामांना ती हवी होती. सिंगापूर आणि आखाती देश तर समुद्रापलीकडून बोलावीत होते. २०१५ साली झालेल्या एका पाहणीनुसार तमिळनाडूतील सुमारे २२ लाख लोक परदेशात होते आणि त्यांत सिंगापूर व संयुक्त अरब अमिराती येथे गेलेल्यांची संख्या सर्वांत मोठी होती. २०११ च्या जनगणनेत तंजावर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३५ स्त्रिया आढळल्या. संपूर्ण राज्यात हे प्रमाण ९९६ होते. जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक असण्यामागे इतर कारणांबरोबर पुरुषांचे बाहेर जाणे हे एक कारण आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या. एवढेच नव्हे, तर २००१ ते २०११ या दहा वर्षांत या दोन्ही जिल्ह्यांची एकूण लोकसंख्याच घटली. मुंबईच्या मनीऑर्डरवर चालणारी कोकणातील घरे आणि सिंगापूरच्या पैशावर उभी राहिलेली कावेरीकाठची पक्की घरे यांच्यात नाते आहे. आणि रत्नागिरीच्या आंबाबागांत जसे नेपाळी गडी राखणीला येऊ लागले, तसेच तंजावरच्या खाचरांत बंगाली.

पाळण्यापासून खाचरापर्यंत

परंतु केवळ स्थलांतराने हा बदल पुरता उलगडत नाही. एकोणिसाव्या शतकातही माणसे गेलीच होती, तरी जागा रिकाम्या राहिल्या नाहीत. या वेळी त्या का राहिल्या, याचे उत्तर पाळण्यात सापडते.

एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतील, हे सांगणाऱ्या आकड्याला एकूण जननदर म्हणतात. तो २.१ च्या जवळ असेल तर आई-वडिलांची जागा घेण्याइतकीच मुले जन्मतात. तमिळनाडूने ही पातळी १९९० च्या दशकातच गाठली. देश तेथे पोहोचला त्याच्या कितीतरी आधी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१ मध्ये तमिळनाडूचा जननदर १.८ होता, महाराष्ट्राचा १.७ आणि संपूर्ण देशाचा २.०. यामागची कारणे अनेक आहेत. ई. व्ही. रामसामी पेरियार यांनी स्त्रीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून संततिनियमनाचा पुरस्कार फार पूर्वी केला होता. मुख्यमंत्री कामराज यांच्या काळात १९५६ मध्ये शाळेत दुपारचे जेवण सुरू झाले आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ती योजना पुष्कळ विस्तारली. जेवणाच्या निमित्ताने मुले शाळेत टिकली, त्यांत मुलीही टिकल्या. खेडोपाडी आरोग्यसेविका पोहोचल्या, तान्ही मुले जगू लागली. जन्मलेले मूल जगेल अशी खात्री वाटू लागली, तेव्हा चार-पाच मुलांची गरज उरली नाही.

आता एक हिशेब कल्पनेने करून पाहू. समजा, एखाद्या मजूर स्त्रीला १९६५ च्या सुमारास पाच मुले झाली आणि ती जगली. त्यांपैकी दोघे शहरात गेले तरी तिघे गावात उरले. तिच्या मुलीला १९९० नंतर दोनच मुले झाली. त्यांतला मुलगा तिरुपूरला गेला आणि मुलगी पदवीच्या वर्गात बसली. आता गावात उरले किती? जाणाऱ्यांची संख्या दोन्ही वेळा दोनच होती. पण पहिल्या खेपेस घर भरलेले राहिले आणि दुसऱ्या खेपेस रिकामे झाले. १९९५ मध्ये जी बालके जन्मली नाहीत, त्यांची उणीव त्या वर्षी कोणालाच जाणवली नाही. उलट, अंगणवाडीत आणि शाळेत गर्दी कमी झाली म्हणून समाधानच वाटले असेल. ती उणीव खाचरात उमटायला वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

दुसऱ्या टोकाला वृद्धांची संख्या वाढत गेली. साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण तमिळनाडूत २०११ मध्ये सुमारे १०.४ टक्के होते. लोकसंख्येच्या अधिकृत प्रक्षेपणानुसार ते २०२१ मध्ये १३.६ टक्के मानले गेले आणि २०३१ मध्ये १८.२ टक्क्यांवर जाईल असा अंदाज आहे. म्हणजे पूर्वी दर दहा जणांत एक वृद्ध होता. पुढे दर पाच-सहा जणांत एक असेल. (२०२१ ची जनगणना करोनाच्या महासाथीमुळे ठरल्या वेळी होऊ शकली नाही, म्हणून येथे प्रक्षेपणाचा आधार घ्यावा लागतो.)

पाठगत प्रश्न : जननदर १९९० च्या दशकात उतरला, पण मजुरांची टंचाई त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जाणवली. असे का झाले? वरील हिशेबाच्या आधारे तीन-चार वाक्यांत लिहा.

आकडा वाढतो, हात मिळत नाहीत

येथे एक अडचण उभी राहते, ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. जनगणनेनुसार तमिळनाडूत २००१ मध्ये सुमारे ८६ लाख शेतमजूर होते आणि २०११ मध्ये ते सुमारे ९६ लाख झाले. म्हणजे मजूर वाढले! मग टंचाई कुठली?

याच काळात स्वतःची जमीन कसणाऱ्यांची संख्या सुमारे ५१ लाखांवरून ४२ लाखांवर आली, हे पाहिले की उलगडा होऊ लागतो. लहान शेतकऱ्याला शेती परवडेनाशी झाली आणि तो मजुरांच्या रकान्यात गेला. शिवाय जनगणनेत मजूर म्हणून नोंदलेली व्यक्ती लावणीच्या आठवड्यात चिखलात उतरेलच असे नाही. ती साठीची असेल, तिचे गुडघे दुखत असतील, किंवा तिला दुसरे बरे काम मिळाले असेल. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याने वर्षातून शंभर दिवसांचे काम मिळू लागले आणि तमिळनाडूत त्या कामावर येणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच होत्या. या योजनेने मजूर पळवले, अशी तक्रार शेतमालक करीत आले आहेत. तीत थोडे तथ्य आहे. परंतु सरकारी कामावर मापाने मजुरी मिळते, कोणाची बोलणी खावी लागत नाहीत आणि भर पावसात कमरेत वाकून दिवसभर उभे राहावे लागत नाही, हे त्या स्त्रियांना कळले, एवढाच त्याचा अर्थ आहे. ज्या प्रदेशाने कीळवेण्मणी पाहिली आहे, तेथे मजुराला 'नाही' म्हणता येऊ लागणे ही लहान गोष्ट नव्हे.

तरुण मुलींचे तर मार्गच वेगळे झाले. २०२१–२२ च्या सरकारी पाहणीनुसार उच्च शिक्षण घेणाऱ्या तरुणांचे प्रमाण देशात सुमारे २८ टक्के होते, तमिळनाडूत ४७ टक्के, आणि त्यात मुली मुलांच्या मागे नव्हत्या. देशातील कारखान्यांत काम करणाऱ्या एकूण स्त्रियांपैकी सुमारे ४३ टक्के एकट्या तमिळनाडूत आहेत, असे २०१९–२० चे आकडे सांगतात. ज्या मुलीच्या आईने रोपांच्या जुड्या डोक्यावर वाहिल्या, ती मुलगी कारखान्याच्या बसची वाट पाहत उभी आहे. तिने परत यावे असे तिची आईसुद्धा म्हणत नाही.

यंत्र आधी की टंचाई आधी?

भातकापणीची यंत्रे टंचाईमुळे आली, असे सर्रास म्हटले जाते. थोडे खोलात गेल्यास दोन्ही बाजूंनी दोरी ओढली जात असल्याचे दिसते.

कापणी आणि मळणी ही पूर्वी मजूर कुटुंबाची वर्षाची बेगमी होती. मजुरी धान्यात मिळे आणि घरात काही महिन्यांचे भात येई. खोल चिखलातही चालू शकणारी, पट्ट्याच्या चाकांची यंत्रे आली आणि कित्येक दिवसांचे काम तासांवर आले. मालकाची चिंता मिटली, कारण पावसाने पीक आडवे होण्यापूर्वी ते घरात येऊ लागले. पण मजूर स्त्रीच्या वर्षातले सर्वांत चांगले दिवस गेले. तिच्या वाट्याला उरली ती लावणी आणि बेणणी, म्हणजे कष्ट अधिक आणि दिवस थोडे. एवढ्याशा दिवसांसाठी गावात बसून राहणे घरातल्या तरुणांना परवडेना. ते गेले. मग लावणीलाही माणसे कमी पडू लागली आणि लावणीची यंत्रे आणण्याची निकड निर्माण झाली.

लावणीचे यंत्र कापणीच्या यंत्राइतके सहज रुजले नाही. त्यासाठी रोपे चटईसारख्या थरात वाढवावी लागतात, जमीन एकसारखी सपाट करावी लागते, पाणी बेताचे ठेवावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे बियाणे थेट शेतात पेरणे. त्यात मजूर वाचतात, पण तण माजते. तिसरी पद्धत २००० नंतर राज्यात बरीच प्रचारात आली. तीत चौदा-पंधरा दिवसांचे कोवळे रोप एकेकटे, ठरावीक अंतरावर लावतात. बियाणे आणि पाणी दोन्ही वाचते. परंतु त्यालाही सवयीचे, हलके हात लागतात, आणि उणीव आहे ती त्याच हातांची. तंजावर जिल्ह्यातीलच आडुदुरै येथील भात संशोधन केंद्राला १९२२ पासूनचा इतिहास आहे. वाण शोधून काढण्याचे काम तेथे पिढ्यान्‌पिढ्या होत आले. लावणारे हात शोधून काढणे कोणत्याही संशोधन केंद्राच्या आवाक्यातले नाही.

या साऱ्यात पाण्याचा वाटा वेगळा धरला पाहिजे. कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडू आणि कर्नाटक यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. २००७ मध्ये लवादाचा अंतिम निवाडा आला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाटणी निश्चित केली. ज्या वर्षी मेट्टूरचे पाणी उशिरा सुटते किंवा पुरत नाही, त्या वर्षी कुरुवै बुडते आणि मजुरांचे दिवसही बुडतात. त्या वर्षी शहरात गेलेला माणूस पाणी आले म्हणून परतेलच, याची शाश्वती नसते. २०२० मध्ये राज्याने कायदा करून हा प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरवला. कायद्याने जमीन शेतीसाठी राखता येते. माणूस राखता येत नाही.

पाहुणे हात

आता त्या बंगाली टोळ्यांकडे वळू. या टोळ्यांतील पुरुष ठेक्याने काम घेतात. दिवसाची नव्हे, तर एकराची मजुरी ठरते. ते पहाटे सुरुवात करतात आणि झपाट्याने काम उरकतात. काही शेतमालक त्यांच्यावर खूश आहेत. स्थानिक स्त्रियांना मात्र आपला भाव पडेल अशी भीती वाटते, आणि ती निराधार नाही.

उत्तरेत आणि पूर्वेत मुले पुष्कळ जन्मतात, म्हणून तिकडचे मजूर दक्षिणेत येतात, अशी एक सोपी समजूत आहे. बिहारबाबत तीत काही तथ्य आहे. २०१९–२१ मध्ये तेथील जननदर ३.० होता. पण त्याच पाहणीत पश्चिम बंगालचा जननदर १.६ आढळला. म्हणजे तमिळनाडूपेक्षाही कमी! तेव्हा बंगाली मजूर येतो तो घरात माणसे जास्त झाली म्हणून नव्हे. तिकडच्या आणि इकडच्या मजुरीत अंतर आहे म्हणून. हे अंतर कमी झाले की तो येणार नाही. आणि ज्या घरातून तो आला आहे, त्या घरातही आता एक-दोनच मुले आहेत. पंचवीस वर्षांनी बंगालच्या खाचरांतसुद्धा हाच प्रश्न उभा राहील, असे मानण्यास जागा आहे.

खाचराबाहेरचे हात

श्रमशक्ती म्हणजे केवळ शेतमजूर नव्हेत. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडातून कोरतात. लाकूड निवडण्यापासून पडदे बसवण्यापर्यंतचे कौशल्य बापाने मुलाला द्यायचे, अशी रीत होती. घरात चार मुले असताना एखादा तरी बापाच्या हाताखाली बसे. मुलगा एकच असेल आणि तो अभियंता झाला असेल तर कोणी बसत नाही. २०१३ मध्ये या वीणेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. नावाला संरक्षण मिळाले. हत्याराला हात मिळणे ही वेगळी गोष्ट. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठ्यांच्या काळातील मोडी कागद मोठ्या संख्येने आहेत. ते वाचू शकणारी माणसे एके काळी त्या शहरात गल्लोगल्ली होती. १८५५ मध्ये राजघराण्याचा वारस न उरल्यामुळे राज्य संपले, दप्तर बंद झाले आणि कारकुनांच्या पुढच्या पिढ्या इंग्रजीकडे वळल्या. मोडी वाचणारे आता मोजकेच उरले आहेत. धंद्याला पोटापुरते मोल उरले नाही की त्याचे शिक्षण घरातून नाहीसे होते, मग घरात मुले किती का असेनात.

शेतमजुरीचे तसे म्हणता येत नाही. तिचे मोल वाढले आहे; माणसे कमी झाली, म्हणून मजुरीही चढली. कीळवेण्मणीच्या मजुरांनी जे मापाने मागितले आणि ज्यासाठी प्राण गमावले, ते पुढच्या काळात काही अंशी संख्येच्या घटीने मिळवून दिले. पण ते घ्यायला त्यांच्यापैकी फार थोड्यांची नातवंडे शेतात उरली आहेत.

तिरुवैयारूच्या भोवती संबाची लावणी सुरू झाली की आजही पहाटे बायकांच्या टोळ्या निघतात. टोळीची मुकादमीण फोनवरून किती जणी येणार याची चौकशी करते. एखादी येत नाही, कारण तिला नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत पोहोचवायचे असते. त्याची आई नोकरीवर असते. मग एक खाचर दुपारपर्यंत तसेच राहते. वाफ्यातील रोपे एका दिवसाने जून होतात.

स्वाध्याय

१. 'वाढलेला आकडा आणि न मिळणारे हात' यांतील विसंगती लेखात कशी उलगडली आहे, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.

२. कीळवेण्मणीच्या काळात बाहेरून आणलेले मजूर आणि आजचे बंगाली मजूर यांच्यात कोणता फरक आहे?

३. कापणीच्या यंत्राने मजूर स्त्रीला काय गमवावे लागले आणि शेतमालकाला काय मिळाले?

४. 'कायद्याने जमीन शेतीसाठी राखता येते. माणूस राखता येत नाही.' या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? सकारण लिहा.

५. आपल्या घरातील आजी-आजोबा, आई-वडील आणि तुम्ही अशा तीन पिढ्यांत भावंडे किती, कोण कोणत्या गावी आणि कोणत्या कामात आहे, याचा तक्ता तयार करा. तुमच्या गावात किंवा वस्तीत पूर्वी स्थानिक माणसे करीत असलेले कोणते काम आता बाहेरून आलेली माणसे करतात, याची विचारपूस करून दहा ओळी लिहा.